पांढरी तीन ते काळी एक

रॉकमधल्या कुठल्याही जुन्या खोडाची मैफल झाली, की दुसऱ्या दिवशी चाहत्यांची जुंपलीच म्हणून समजा. गाणी कुठली झाली, गर्दी किती होती, हे सगळं नंतर. आधी प्रश्न एकच: पट्टी कितीने उतरवली? एक जण छातीठोकपणे सांगतो, अर्धा सूर. दुसरा म्हणतो, अर्धा कसला, चांगला पूर्ण सूर खाली आहे. तिसऱ्याच्या मते गायकाने आता घरी बसावं. शिवाय एखादा निष्ठावंत हमखास असतो, ज्याच्या कानांना १९७२ पासून कशातच काही फरक जाणवलेला नाही.

पेटी वाजवणाऱ्या माणसाला हे भांडण चटकन कळतं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की येणारा सूर म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. तार अर्धा सूर उतरवली की काळी दोन, पूर्ण सूर उतरवली की पांढरी दोन, आणि दीड सूर उतरवली की काळी एक. पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या रॉकचा बराचसा संसार आता या चार पट्ट्यांत चालतो.

गायकाचा गळा वर जाईना, तर पेटीवाला बोटं एक पट्टी डावीकडे सरकवतो आणि काम भागतं. गिटारवाल्याचं तसं भागत नाही. रॉकमधल्या कितीतरी गाण्यांचा जीव त्या मोकळ्या जाड तारेत असतो. पांढरी तीनच्या खाली जायचं म्हटलं, तर गिटारवर खाली सूरच शिल्लक नाही. म्हणून सगळ्याच्या सगळ्या सहा तारा सैल करायच्या आणि बोटं होती तिथेच ठेवायची. मैफलीचा व्हिडिओ बघताना हीच खूण पकडावी. गिटारवाल्याची बोटं जुन्या चित्रफितीत होती त्याच फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांड्यांवर) आहेत आणि सूर मात्र खालचा येतोय, तर तारा उतरवल्यात. बोटंच दुसरीकडे गेली असतील, तर गाणं नव्या पट्टीत बसवलंय. दोन गाण्यांच्या मध्ये अंधारातून एक माणूस येऊन दिसायला अगदी तशीच दुसरी गिटार गळ्यात अडकवून गेला, तर पुढचं गाणं वेगळ्या पट्टीत असण्याची शक्यता दाट.

तारा सैल करणं ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात भानगडी फार. तारेवरचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो. अर्धा सूर उतरवला की ताण ११ टक्के घटतो, पूर्ण सुराला सुमारे २१ टक्के आणि दीड सुराला २९ टक्के. स्ट्रॅटोकास्टरसारख्या इलेक्ट्रिक गिटारवर ०.०१० इंचाची पहिली तार असेल, तर तिच्यावर सात-सव्वासात किलोंचा ताण असतो. त्यातला पाचवा हिस्सा काढून घेतला की तार लुळी पडते, फ्रेटवर खरखरते आणि जोरात छेडली की क्षणभर वरचा सूर दाखवून मग खाली येते. उपाय म्हणजे जाड तारा. ०.०१० च्या जागी ०.०११ घातली की पूर्ण सूर उतरवूनही ताण जवळपास पूर्वीइतकाच राहतो.

पण जाड तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा धरणाऱ्या तुकड्याच्या, खाचेत अडकते आणि सूर लावताना ‘टिंग’ करून एकदम उडी मारते. खाच कानसून रुंद करावी लागते. तोवर पेन्सिलीचं शिसं घासून वेळ मारून नेता येते. मागच्या बाजूला तार जिथे टेकते ते सॅडल थोडं मागे सरकवावं लागतं, नाहीतर बाराव्या फ्रेटवरचा सूर चढा बोलतो. जुन्याच तारा ठेवून नुसती पट्टी उतरवली, तर ताण कमी झाल्यामुळे मान सरळ होते. मग मानेच्या आतला लोखंडी रॉड पाव फेरा सैल करायचा आणि पुन्हा बघायचं. घाईने एकदम पूर्ण फेरा देणाऱ्याच्या हातात गिटार देऊ नये. स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज, म्हणजे तारा मागे अडकवलेला भाग, तर स्प्रिंगांच्या जोरावर तरंगत असतो. एक तार उतरवली की बाकीच्या पाच आपोआप चढतात, त्यामुळे सहाही तारांची तीन-चार आवर्तनं केल्याशिवाय गिटार सुरात येत नाही.

ही सगळी उठाठेव गायकाच्या गळ्यासाठी, असं आपण धरून चालतो. पण तारा उतरवण्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा गळ्याचा नाहीच, बोटांचा आहे. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. बारीक तारा तेव्हा सहज मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे १९७१ मध्ये ब्लॅक सॅबथ या आपल्या बँडच्या तिसऱ्या अल्बमला त्याने काही गाण्यांसाठी गिटार थेट दीड सूर उतरवली: पांढरी तीनवरून काळी एक. बोटांना आराम मिळाला आणि आवाजाला असं काही वजन आलं, की हेवी मेटल नावाचा आख्खा कारखाना त्यावर उभा राहिला. म्हणजे ज्या उतरलेल्या पट्टीला चाहते आज ‘थकल्याची खूण’ म्हणून नाकं मुरडतात, ती तेविशीतल्या माणसाने राजीखुशीने घेतली होती.

तक्रार करणाऱ्यांच्या आठवणी तपासून घ्याव्यात असं मला वाटतं ते यामुळेच. आठवण बहुधा मैफलीची नसतेच, रेकॉर्डची असते. रेकॉर्डमध्ये गायक एका ओळीसाठी दहा वेळा प्रयत्न करू शकतो, मध्ये चहा पिऊन येऊ शकतो. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी भर जवानीतही मंचावर रेकॉर्डमधले सगळ्यात वरचे सूर बऱ्याचदा टाळायचा, ओळ खालून वळवून घ्यायचा. उंच किंकाळ्या ड्रमवरच्या रॉजर टेलरकडे. लेड झेपलिनचं ‘इमिग्रंट साँग’ १९७० मधलं. त्यातली सुरुवातीची आरोळी म्हणजे बँडचा गायक रॉबर्ट प्लांटच्या गळ्याची परीक्षाच. १९७३ मध्ये ते गाणं नेहमीच्या कार्यक्रमातून गेलं. प्लांट तेव्हा पंचविशीचाही नव्हता! १९७२ मध्ये बँडचा गिटारवाला जिमी पेजबरोबर तो मुंबईला आला आणि इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेला. त्या वेळचा त्याचा गळा म्हणजे ऐन भरातला गळा. एरवी ‘पूर्वीचा प्लांट’ म्हणजे नक्की कुठल्या सालचा, हे ज्याने त्याने आधी ठरवून घ्यावं.

आठवणीत आणखी एक भेसळ असते, ती कॅसेटची. आपल्याकडे हे संगीत बऱ्याच लोकांनी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर ऐकलं. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. वेग तीन टक्के चुकला की पाव सूर चुकतो, सहा टक्के चुकला की अर्धा. भरणाऱ्याच्या डेकचा रबरी पट्टा ढिला असेल तर टेप हळू सरकते, आणि तीच कॅसेट धडधाकट डेकवर लावली की गाणं चढ्या सुरात वाजतं. अशी कॅसेट दहा वर्षं घासलेल्या माणसाला अस्सल सीडीसुद्धा उतरलेली वाटणार. मोटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात वेगाचा स्क्रू असायचा आणि काही हौशी मंडळी तो पेटीशी सूर जुळवून फिरवायचीही. पण मोटर पेटीशी जुळली तरी कॅसेट भरणारा कुठल्या वेगाने भरून गेला, हे कळणार कसं?

वाद्यांच्या बाजूने सगळ्यात अडेलतट्टू म्हणजे हॅमंड ऑर्गन. हल्लीच्या कीबोर्डला एक बटण दाबलं की पट्टी बदलते. हॅमंडमध्ये दातेरी लोखंडी चाकं फिरतात आणि त्यांचा वेग विजेच्या वारंवारितेला बांधलेला. त्याला ना खुंट्या, ना बटण. गिटारवाला तारा सैल करून मोकळा होतो, पण ऑर्गनवाल्याला तेच गाणं शेजारच्या पट्टीत नव्याने हाताखाली घालावं लागतं. याची एक गंमत आहे. अमेरिकेतला ६० हर्ट्झचा ऑर्गन युरोपात किंवा भारतात ५० हर्ट्झच्या विजेवर नुसता व्होल्टेज जुळवून लावला, तर सगळा ऑर्गन दीड सुराहून थोडा जास्तच खाली वाजतो. आयोमीने ठरवून केलं, ते इथे वीज मंडळ फुकटात करून देतं.

आता गळ्याकडे येऊ. वयाबरोबर स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, वरचं अस्तर पातळ होतं, भोवतालच्या कूर्चा कडक होतात आणि छातीत हवा कमी मावते. पुरुषांचा बोलण्याचा सूर उतारवयात उलट किंचित चढतो, पण गाताना वरचा पल्ला जातो तो जातोच. त्यात या मंडळींनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जे केलं, ते गळ्याशी वैरच होतं. मंचावर स्वतःचा आवाज स्वतःला धड ऐकू येत नसे. मागे अँप्लिफायरची भिंत, आणि त्यावर कडी करायची म्हणून ओरडायचं. असं आठवड्यात पाच-पाच रात्री.

डीप पर्पलचा गायक इयन गिलनचं ‘चाइल्ड इन टाइम’ हे या सगळ्या चर्चेतलं कळीचं गाणं. १९७० मध्ये ते आलं तेव्हा तो पंचविशीच्या आतबाहेर होता. शब्द संपतात आणि गळा पायऱ्या चढत चढत थेट किंकाळीपर्यंत जातो. ऑगस्ट १९७२ मधल्या जपानच्या मैफलींत तो कसा चढला, ते ऐकायला मिळतंच. २००२ च्या सुमारास गिलनने ते गाणं मंचावर म्हणणं सोडून दिलं. पट्टी उतरवून रेटलं नाही, मागे आधीच भरलेली टेप लावली नाही, सरळ बाजूला ठेवलं. चाहत्यांतला एक गट अजून त्यावर रुसलेला आहे. मला तो निर्णय पटतो, कारण त्या गाण्यात उंची हाच मजकूर आहे. दीड सूर खाली आणलं तर उरेल ते नुसतं लांबलचक गाणं. उलट ‘स्मोक ऑन द वॉटर’ अजून खणखणीत चालतं, कारण त्याची चाल मधल्या चार-पाच सुरांत फिरते आणि खरं काम गिटारच्या तुकड्याचं आहे. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर गायला तेव्हा साठीला टेकला होता, आणि त्याच्या गळ्याविषयी तक्रार करायला फारशी जागाच नव्हती. तो आधीपासूनच निम्मं गाणं बोलल्यासारखं म्हणतो.

एल्टन जॉनचं उदाहरण वेगळं. १९८७ च्या सुरुवातीला त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वरचा नाजूक, खोटा आवाज (फॉल्सेटो) गेला. त्याने चाली खालून वळवल्या, आवाज भारदस्त झाला आणि तेवढ्या भांडवलावर जुलै २०२३ पर्यंत दौरे केले. बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ऐंशी ओलांडली तरी स्वारी बहुतेक गाणी मूळ पट्टीतच म्हणते. सूर कापतो, कडा झिजतात, पण पट्टी सोडायची नाही. चाहत्यांत यावरून कायमची फूट आहे. मला विचाराल तर मॅकार्टनीने दोन-चार गाणी बिनदिक्कत काळी दोनपर्यंत खाली आणावीत. मूळ सुराला चिकटून राहण्यात बाणा आहे खरा, पण अवघड ओळीच्या आधी ऐकणाऱ्याच्याच पोटात गोळा येत असेल, तर त्या ओळीची मजा गेली.

पट्टीपेक्षा बघण्यासारख्या गोष्टी कार्यक्रमाच्या आखणीत असतात. अवघड गाणं सहसा पहिलं येत नाही. तिसरं-चौथं येतं, गळा तापल्यावर. त्यानंतर ऑर्गनचा किंवा ड्रमचा लांब तुकडा, म्हणजे गायकाला आत जाऊन घोटभर पाणी आणि सात-आठ मिनिटं विसावा. मग बसून म्हणायची दोन गाणी. उंच ओळ आली की मायक्रोफोन प्रेक्षकांकडे. मागे दोन तरुण गळे असतात ते नेमकी तीच ओळ उचलून धरतात. यात लबाडी काही नाही. लबाडी सुरू होते ती टेपपासून. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर लांब गेला तरी आवाज तसूभर कमी होत नसेल, श्वासाची जागा ऐकूच येत नसेल, आणि दोन वेगळ्या शहरांतल्या रात्री तीच ओळ केसभरही न बदलता येत असेल, तर काय ते समजावं.

सूर हललेले चालतात की नाही, याचा निकाल चाहते स्वतःही नेहमी एकसारखा देत नाहीत. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचा गायक ओझी ऑस्बर्न शेवटचा गायला. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. आधी स्वतःची पाच गाणी, मग सॅबथच्या मूळ चौघांची चार. मधल्या एका संथ गाण्यात आवाज फुटला, सूर हातून निसटला, आणि एरवी पाव सुरावरून हमरीतुमरीवर येणारे लोक मैदानात रडत होते. १७ दिवसांनी तो गेला. त्या रात्रीच्या गाण्याला गळा म्हणून गुण द्यायचे तर फार देता येणार नाहीत. पण लय बघा: सिंहासनावर जखडलेला माणूस ठोका धरून गात राहिला. म्हाताऱ्या गायकाची खरी तब्येत तिथे कळते. सूर उतरवता येतो, झाकता येतो, वाटून घेता येतो. ओळ कुठे उचलायची आणि कुठे सोडायची, हे दुसऱ्या कुणाला करून देता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशा एखाद्या बुजुर्गाचं महागडं तिकीट काढायचं असेल, तर अधिकृत लाइव्ह अल्बमच्या भरवशावर काढू नये. त्यातल्या बऱ्याच जणांची स्टुडिओत डागडुजी झालेली असते. चालू दौऱ्यातल्या, प्रेक्षकांनी फोनवर घेतलेल्या दोन-तीन चित्रफिती शोधाव्यात. शेवटचं गाणं नको, तेव्हा सगळेच ओरडत असतात. मधलं एखादं संथ गाणं लावावं, आणि पेटी जवळ असली तर झाकूनच ठेवावी.