दोनदाच गायलेली बंदिश

शास्त्रीय गायिका किशोरीताई आमोणकर आपल्या तालमीविषयी सांगत, की माई बंदिशीचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीताचे, स्थायी आणि अंतरा हे दोन भाग दोनदाच गाऊन दाखवत, तिसऱ्यांदा नाही. माई म्हणजे त्यांच्या आई आणि गुरू, मोगूबाई कुर्डीकर. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीत, विशेषतः दोन राग गुंफलेल्या जोडरागांमध्ये, रागाचे चलन, म्हणजे त्यातल्या स्वरांची चाल, पुष्कळदा बंदिशीतूनच हाती लागते. त्यामुळे त्या दोन वेळांत शब्द, त्यांची मात्रांवरची बसणी, मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याचा, कल आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची वाट, हे सारे कानाने टिपावे लागे. किशोरीताईंच्या गाण्यातली विलक्षण एकाग्रता या शिस्तीतूनच घडली, असे मला वाटते.

माईंच्या या काटेकोरपणामागे त्यांचा स्वतःचा प्रवास असावा. गोव्यातल्या कुर्डी गावी १९०४ साली जन्मलेल्या मोगूबाईंचा रियाज सांगलीत जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्या कानी पडला आणि ते स्वतःहून शिकवू लागले. पण ही तालीम खंडित झाली, आणि खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकून पुन्हा खाँसाहेबांपाशी पोहोचेपर्यंत मध्ये बरीच वर्षे गेली. ज्यांना एकेका बंदिशीसाठी इतके थांबावे लागले, त्यांना शिष्याचे अर्धवट लक्ष कसे चालावे?

तरीही या कठोर गुरूने मुलीला केवळ आपल्यापाशी बांधून ठेवले नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांसह इतर गुरूंकडेही किशोरीताई शिकल्या. घराण्याची कुंपणे उंच असण्याच्या त्या काळात हे मला माईंचे सर्वांत मोठे औदार्य वाटते, कारण शिष्या पुढे आपल्याहून वेगळे गाईल ही शक्यता त्यांनी त्यात स्वीकारली होती. किशोरीताईंच्या आलापीत जो भावविस्तार आला, त्यावर परंपरेचे काही जाणकार नाराजही झाले. पण स्वरांची शुद्धता आणि लयीचे भान हा माईंचा वारसा त्या गाण्यात अखेरपर्यंत राहिला.

मी लहान मुलांना गाणे शिकवते. हल्ली वर्ग सुरू होताच मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू होते आणि मुलाचा कान निर्धास्त होतो. ध्वनिमुद्रणाला माझा विरोध नाही; घरच्या रियाजाला त्याचा उपयोग होतो. मात्र बंदिश ऐकून, चुकतमाकत का होईना, मुलाने आधी स्वतः म्हणून दाखवावी आणि त्यानंतरच मोबाइल सुरू करावा, असा नियम मी ठेवला आहे. यामुळे एक बंदिश बसायला अधिक आठवडे लागतात आणि काही पालकांना ते संथ वाटते. त्यांना मी वर्गात बसून मुलाचे ऐकणे पाहायला सांगते.