मॅच हुकली त्या दिवशी

"बाई, मॅच आजच आहे ना?"

पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी हसून मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पाण्याची बाटली तिच्या हातात देत "हो गं, आजच" म्हणाले. तिसऱ्यांदाही तिनं तेच विचारलं. सूर तोच, चेहऱ्यावरची उत्सुकताही तीच, जणू हा प्रश्न तिच्या मनात आत्ताच आला होता. माझ्या पोटात खड्डा पडला.

तारीख ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, दुपारचे तीन. मी लालबागजवळच्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवते. त्या संध्याकाळी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, दोन टीम खेळणार होत्या. भारतात एनबीएची मॅच पहिल्यांदाच होत होती आणि तो पहिला दिवस खास शाळकरी मुलांसाठी ठेवलेला. आमच्या बत्तीस मुलामुलींची नावं त्यात होती. महिनाभर मी पालकांची हमीपत्रं गोळा करत होते. बस साडेचारला निघणार, तोवर पोरं वर्गात बसेनात, म्हणून त्यांना ग्राउंडवर काढलं.

प्रश्न विचारणारी ही आठवीतली, आमची पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारी. लेअपला, म्हणजे रिंगजवळून बॉल टाकायला, उडाली, हवेत असतानाच मागून धक्का लागला आणि ती उताणी पडली. आमचं कोर्ट सिमेंटचं आहे. डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. पण दहाएक सेकंदांत ती उठली, कपडे झटकले, "काही नाही झालं" म्हणाली. आणि मी काय म्हणाले? "दोन मिनिटं बस, पाणी पी, मग ये." बावीस वर्षं हे काम करतेय आणि तोंडातून हेच आलं. तिचा तो तिसरा प्रश्न आला नसता तर मी तिला परत कोर्टवर घेतलं असतं, हे मला लपवायचं नाही.

त्या क्षणी मला मॉरिस स्टोक्स आठवला. संध्याकाळी जी टीम बघायला निघालो होतो, त्याच टीमचा.

किंग्ज तेव्हा सिनसिनाटीत होते आणि त्यांचं नाव रॉयल्स होतं. १२ मार्च १९५८, मिनियापोलिसला सीझनची शेवटची मॅच. स्टोक्स बास्केटकडे घुसला, पडला, डोकं फ्लोअरवर आपटलं, शुद्ध गेली. उग्र वासाचं औषध हुंगवून त्याला उठवलं आणि परत खेळायला पाठवलं. तीन दिवसांनी तो डेट्रॉइटला प्लेऑफची मॅचही खेळला. परतीच्या विमानात त्याला झटके आले आणि त्यानंतर त्याचं शरीर कायमचं लुळं पडलं. चोवीस वर्षांचा होता. जवळपास त्याच्याच वयाचा सहकारी जॅक ट्वायमन कायद्यानं त्याचा पालक झाला. दवाखान्याचा खर्च उभा करण्यासाठी तो वर्षानुवर्षं झटला, निधीसाठी मॅचेस भरवल्या. सुरुवातीला स्टोक्सला बोलताही येत नव्हतं. ट्वायमन एकेक अक्षर म्हणायचा आणि हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. असे शब्द जुळवायचे. १९७० साली स्टोक्स गेला. एनबीए आज उत्तम सहकाऱ्याला जो पुरस्कार देते तो या दोघांच्या नावानं. किंग्जच्या इतिहासात माझ्या मते याहून मोठं पान नाही, १९५१ चं विजेतेपदसुद्धा नाही.

मी शिट्टी वाजवली, प्रॅक्टिस बंद केली. हमीपत्रांची फाइल आणि बत्तीस जणांची यादी हिंदीच्या मॅडमच्या हातात दिली. त्यांनी आयुष्यात बास्केटबॉल पाहिला नव्हता, पण एका शब्दानं कुरकुरल्या नाहीत. शाळेतल्या मावशींना सोबत घेतलं, काळी-पिवळी केली आणि जवळच्या पालिकेच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढेपर्यंत तिला एकदा उलटी झाली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. डोळ्यांत टॉर्च मारला, बोटं मोजायला लावली, सीटी स्कॅनला पाठवलं. रक्तस्राव नव्हता. "पण मेंदूला हादरा बसलाय. रात्री दहापर्यंत नजरेखाली राहू दे. टीव्ही, मोबाइल काही नको. शांतपणे बोलत राहा. नवीन काहीतरी सांगा आणि मधूनमधून विचारा, लक्षात राहतंय का ते कळेल."

साडेपाचला तिची आई धावत आली. चार घरची कामं टाकून आली होती. स्कॅनचं कळल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही जा बाई, पोरं वाट बघत असतील." डोम तिथून टॅक्सीनं फार लांब नव्हता. नागपाड्याच्या ग्राउंडवर भारताचे माजी बास्केटबॉल कर्णधार अब्बास मुंतसिर यांचं नाव कानावर पडत खेळायला शिकलेली मी, एनबीएची टीम माझ्या शहरात येईल असं कधी वाटलंच नव्हतं. पण मी उठले नाही. "दोन मिनिटं बस" हे माझे शब्द होते.

नवीन काय सांगायचं? मी तिला किंग्ज सांगायला घेतले. पाच गावं, हीच स्मरणाची परीक्षा.

"रोचेस्टर. न्यूयॉर्क राज्यातलं छोटं गाव. तिथं ही टीम एनबीएत आली, रोचेस्टर रॉयल्स म्हणून. १९५१ ला न्यूयॉर्क निक्सविरुद्ध फायनल. पहिल्या तिन्ही मॅचेस जिंकल्या, पुढच्या तिन्ही हरल्या, सातवी एकोणऐंशी-पंच्याहत्तर अशी जिंकली. एनबीएचं विजेतेपद ते एकच, त्यानंतर आजपर्यंत नाही." गाव लहान पडलं म्हणून १९५७ ला सिनसिनाटी. तिथं ऑस्कर रॉबर्टसन आला आणि १९६१-६२ च्या अख्ख्या सीझनला मॅचमागे सरासरी तीस पॉइंट, बारा रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), अकरा असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास). सिनसिनाटीचं एवढंच सांगून मी पुढे सरकले. १९७२ ला कॅन्सस सिटी आणि ओमाहा, दोन शहरांत मिळून एक टीम. कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाची बेसबॉल टीम आधीच होती, म्हणून हे झाले किंग्ज. त्याच वर्षी टायनी आर्चिबाल्ड पॉइंटमध्येही पहिला आणि असिस्टमध्येही. पॉइंट गार्ड, उंची जेमतेम सहा फूट एक इंच. यावर तिचे डोळे चमकले. १९८५ ला सॅक्रामेंटो.

अर्ध्या तासानं विचारलं. रोचेस्टर आलं, सॅक्रामेंटो आलं, मधलं सगळं कोरं. "बाई, मॅच आजच आहे ना?" तिची आई पदराआड रडत होती. मी पुन्हा रोचेस्टरपासून सुरुवात केली.

दुसऱ्या फेरीत मी २००२ चंही सांगितलं. ती सिरीज मी स्वतः टीव्हीवर पाहिली होती. प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध सहावी मॅच, शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सला सत्तावीस फ्री थ्रो मिळाले, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट. जगभर त्यावर बोललं गेलं. मी मात्र मुलांना नेहमी सातवी मॅच सांगते. घरचं मैदान, ओव्हरटाइम, आणि किंग्जनी तीस फ्री थ्रोंपैकी सोळाच घातले. ११२-१०६ हरले. रेफ्रीच्या हातातलं सोडून द्या, हे चौदा फ्री थ्रो आपल्या हातातले होते.

आई मध्येच म्हणाली, "ते मालक रणदिवे म्हणजे आपल्याकडचेच ना?" मी म्हटलं, हो, विवेक रणदिवे, जुहूत वाढले, तिथून एमआयटीत शिकायला गेले. २०१३ ला ही टीम सिएटलला हलवण्याचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हा त्यांनी साथीदारांसोबत ती विकत घेतली आणि सॅक्रामेंटोतच ठेवली. मुलीच्या टीमला स्वतः शिकवायचे. पोरींना शूटिंग फारसं येत नव्हतं, म्हणून पूर्ण कोर्टभर दाबून खेळायला लावलं आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेलं. "आपण पण फुल कोर्ट प्रेस खेळतो," ती पडल्या पडल्या म्हणाली. ही जुनी आठवण शाबूत होती. मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला.

आठच्या सुमारास कॅन्सस सिटी आलं. थोड्या वेळानं ओमाहाही आलं. मॅचचा प्रश्न थांबला होता. त्याऐवजी तिनं विचारलं, "चालू झाली असेल ना?" हा नवा प्रश्न होता. मी डॉक्टरांना हाक मारून तो प्रश्न सांगितला. त्यांनी परत टॉर्च मारला आणि मान हलवली, चांगल्या अर्थानं.

नऊ वाजून गेल्यावर मॅडमचा फोन. मागे एवढा गोंगाट की त्या ओरडत होत्या. "अहो, टाय झाली! आता पाच मिनिटं जादा म्हणतात! ही पोरं खाली बसतच नाहीयेत!" मी बाहेर व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. तीन हजार पोरांचा आवाज एका लहानशा फोनमधून येत होता. इंडियाना १३२, किंग्ज १३१. इंडियानाच्या वॉरेनचे तीस पॉइंट.

आत येऊन तिला सांगितलं, ओव्हरटाइम झाला, एका पॉइंटनं हरले. आणि रोचेस्टरचीच आणखी एक गोष्ट सांगितली. ६ जानेवारी १९५१, समोरची टीम इंडियानापोलिसची. पेसर्स नव्हेत, वेगळी टीम, पण गाव तेच. एक नाही, सहा ओव्हरटाइम. एनबीएतली आजवरची सगळ्यात लांब मॅच, अठ्ठ्याहत्तर मिनिटं. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट मारायचं बंधन, नव्हता, म्हणून शेवटच्या शॉटसाठी बॉल नुसता धरून ठेवायचे. प्रेक्षक वैतागून ओरडत होते. चोवीस सेकंदांचा नियम १९५४ ला आला. "पंच्याहत्तर-त्र्याहत्तर. तेव्हाही हरले."

दहाला डॉक्टर आल्या. कागदावर लिहिताना त्यांनी सहज विचारलं, "काय शिकवलं गं बाईंनी?"

"रोचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी, ओमाहा, सॅक्रामेंटो," ती म्हणाली. "सहा ओव्हरटाइम, पंच्याहत्तर-त्र्याहत्तर." मग माझ्याकडे वळून, "पण बाई, सिनसिनाटीचं तुम्ही पटकन संपवलंत. तिकडे अजून काहीतरी झालंय ना?"

"झालंय," मी म्हटलं. "ते ग्राउंडवर सांगेन."

तीन आठवडे तिला खेळू दिलं नाही. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती आली. त्या दिवशी शिट्टी वाजवण्याआधी सगळ्यांना रिंगखाली बसवलं, तिला पुढे घेतलं, आणि १२ मार्च १९५८ पासून सुरुवात केली.