दहा हजार फॉलोअर

"दीड हजारात दहा हजार फॉलोअर देतो म्हणतोय. घेऊ का?" वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

येवल्यात त्यांच्या घरी पैठणी विणतात. इन्स्टाग्रामवर अकाउंट आहे. घडी घातलेल्या साड्यांचे फोटो, खाली हॅशटॅगची रांग आणि "किमतीसाठी मेसेज करा".

मी ठाम नको म्हटलं. विकतचे फॉलोअर साडी घेत नाहीत, व्हिडिओही बघत नाहीत. असे बनावट लाइक-फॉलो काढून टाकणार, हे इन्स्टाग्रामनं २०१८ मध्येच जाहीर केलंय.

मग खाली सरकवताना एक रील दिसलं, लेकीनं सहज टाकलेलं. दादा पदर उलटा करून दाखवतायत. मागूनही मोर तसाच, एक धागा लोंबत नाही. खाली एका बाईंची कमेंट: "आत्ता कपाट उघडून माझी उलटून बघितली. मागं नुसते धागेच!" त्याखाली बायकांनी मैत्रिणींना टॅग करकरून गप्पांचा फड जमवलेला.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी सांगतात, की लोक व्हिडिओ किती वेळ बघतात आणि किती जण तो पुढं पाठवतात, याला फार वजन आहे. हे रील नेमकं पुढं पाठवण्याजोगं होतं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, पण हे तर आमचं रोजचंच. यात काय दाखवायचं?"

माझ्या डोक्यातून हे वाक्य जात नाहीये. इतकं कसब हातात असलेली माणसं ट्रेंडिंग गाणी शोधत बसतात, याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या ओळखीचे कारागीर काय काय "रोजचंच" म्हणून दाखवायचं सोडून देतात?