वरुडच्या टेकडीवर, बुडबुडा काढताना

मोर्शी सोडून वरुडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला सातपुडा सोबत येतो आणि दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. या हिरवेपणाची किंमत भूजलाने मोजली आहे. इथे बोअर खोल खोल जात राहिल्या. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपसाठी, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी, तीन तालुके निवडले होते, त्यांत कोरेगाव आणि अंबाजोगाईसोबत वरुड होतं.

पावसाचं पाणी अडवणारे समपातळीतले चर खोदायला आम्ही टेकडीवर पोहोचलो ते मे महिन्यात, पहाटे साडेपाचला. विदर्भातलं उन्हाळी श्रमदान आठच्या आत उरकावं लागतं, नंतर टिकाशीचा दांडाही हाताला चटका देतो. पण पहिला तासभर कोणी खोदत नव्हतं. दोन सारख्या पट्ट्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, मधे पाणी भरलेली पारदर्शक नळी. हे हायड्रोमार्कर. दोन्ही पट्ट्यांवर पाण्याचा आकडा एकच आला की पायाखालच्या दोन जागा समपातळीत. तिथे फक्की, म्हणजे चराची ओळ आखायची पांढरी भुकटी, टाकायची आणि मागची पट्टी पुढे न्यायची. बचत गटातल्या एका बाईंनी आम्हाला थांबवलं, "भाऊ, आंधी बुडबुडा काढा." नळीत हवा अडकली की आकडा खोटा येतो आणि ओळ नकळत उताराला लागते.

यात काय बिघडतं, ते हिशेबाने पाहा. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चराच्या १०० मीटर लांबीत एका भरणीला १८,००० लिटर पाणी मावतं. चर १० सेंटिमीटरने जरी कलला, तरी पाणी खालच्या टोकाला जास्त जमतं, चराकाठचा मातीचा बांध तिथेच फुटतो आणि तो लोंढा खालचा चरही नेतो. म्हणून मधेमधे न खोदलेली आडवी पट्टी सोडायची. चरातून निघालेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, तीही काठापासून ३० सेंटिमीटर सोडून. वरच्या बाजूला टाकली तर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. नवख्यांची ही चूक ठरलेली, कारण वर भिरकावणं सोपं वाटतं.

नाल्यातल्या दगडी बांधाला मधला भाग काठांपेक्षा खोलगट ठेवतात. सपाट ठेवला की पाणी कडेने वाट काढून काठच खातं. मोठे दगड बाहेरून, बारीक आत.

पायथ्याच्या काळ्या जमिनीत मात्र ही चराची पद्धत न्यायची नाही. ती माती उन्हात भेगाळते आणि बांध आतूनच पाणी सोडतो. शिवाय पाणी तुंबलं की पीक पिवळं पडतं. तिथे हलका उतार देऊन जादा पाणी नाल्याला काढून द्यावं लागतं.

बॅनर आणि फोटोवाले पहिल्या दिवशी भरपूर असतात. चरातला गाळ दुसऱ्या उन्हाळ्यात काढायचा असतो, तेव्हा घमेलं धरायला हीच बचत गटाची मंडळी उरतात.