गच्चीवरचा तापमान-लॉगर, नोंद ५ : चालू प्रोग्रॅमला हात न लावता अडकलेलं कुलूप शोधलं

दुपारच्या नोंदी मधेच थांबण्याचं कारण सापडलं. प्रोसेस मारली नाही, सोर्समध्ये मधली माहिती छापणारा एकही प्रिंटएफ घातला नाही. हा बिघाड आठवड्यातून एखाद्या वेळीच येतो. रीस्टार्ट केलं की पुरावाही जातो, म्हणून अडकलेली प्रोसेस तशीच ठेवून तपासणं हाच मार्ग होता.

मांडणी जुनीच आहे. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डवरचा छोटा संगणक) खोलीत इन्व्हर्टरवर, ६४ बिट ओएस, डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर गच्चीवरच्या पांढऱ्या पेटीत. सी मधल्या प्रोग्रॅमचे तीन थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग): एक सेन्सर वाचतो, एक कार्डवर ओळ लिहितो, एक एमक्यूटीटी या संदेश-पद्धतीने आकडा बाहेर पाठवतो. तिघांमध्ये एकच म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे पहिला संशय उन्हावर गेला. तो लगेच मिटला. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ या आज्ञेचं उत्तर ०एक्स० आलं, म्हणजे बूट झाल्यापासून उष्णतेमुळे वेगही कमी झाला नाही आणि व्होल्टेजही पडलं नाही. नोंदींमध्ये नेमका ८५ हा आकडाही कुठे नव्हता. डीएस१८बी२० मध्ये वीज आल्याआल्या तो असतो. तो दिसला असता तर वायरिंग बघावं लागलं असतं.

मग प्रॉक, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी लिनक्समधली जागा. इथे नुसतं वाचायचं असतं, प्रोसेस क्षणभरही थांबत नाही. उदाहरणासाठी प्रोसेस क्रमांक ४१२७ धरू. थ्रेड ४१२७, ४१३०, ४१३१. प्रत्येक थ्रेडच्या ‘प्रॉक/४१२७/टास्क/क्रमांक/सिसकॉल’ या फाइलमध्ये एकच ओळ असते. आधी सिस्टम कॉलचा (कर्नलकडे केलेल्या मागणीचा) क्रमांक, मग त्याला दिलेले आकडे हेक्समध्ये. वाचायला सहसा रूट लागतं. क्रमांक प्रोसेसरप्रमाणे बदलतात: ६४ बिट आर्मवर (पायचा प्रोसेसर) फ्युटेक्स (कुलपाची वाट बघणं) ९८ आणि रिसीव्हफ्रॉम (नेटवर्कवरून वाचणं) २०७, तर नेहमीच्या ६४ बिट पीसीवर तेच अनुक्रमे २०२ आणि ४५. पीसीवरचा तक्ता समोर ठेवून पायची ओळ वाचली की हमखास चुकीचा निष्कर्ष निघतो.

४१२७ आणि ४१३० दोघांत ९८ दिसला, आणि त्यानंतरचा पत्ताही एकच. म्हणजे दोघे एकाच कुलपावर थांबलेले. ४१३१ मध्ये २०७ आणि पहिला आकडा ०एक्स५. ‘प्रॉक/४१२७/एफडी/५’ सॉकेटकडे, म्हणजे नेटवर्क जोडणीकडे, बोट दाखवतो. थोडक्यात, दोन थ्रेड कुलपापाशी आणि तिसरा नेटवर्कवरून काही येण्याची वाट बघत.

आता कुलूप कोणाकडे? यासाठी डीबगर लागलाच नाही, आणि या फेरीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या म्यूटेक्समध्ये पहिले ४ बाइट कुलपाची स्थिती, पुढचे ४ मोजणी आणि त्यापुढचे ४ मालक थ्रेडचा क्रमांक. फ्युटेक्स कॉलमध्ये दिसलेला पत्ता हाच म्यूटेक्सची सुरुवात. म्हणून डीडी वापरून ‘प्रॉक/४१२७/मेम’ मधून पत्ता अधिक ८ या जागेवरचे ४ बाइट काढले आणि ओडीने दशमानात छापले. उत्तर ४१३१. ब्लॉक आकार १ ठेवा, नाहीतर स्किपची मोजणी ब्लॉकमध्ये होऊन भलत्याच जागी जाल.

नेटवर्क जोडण्या दाखवणाऱ्या ‘एसएस’ला टी, एन, पी, ओ हे पर्याय देऊन चित्र पुरं झालं. जोडणी एस्टॅब्लिश्ड, सेंड-क्यू (अजून पोहोचल्याचं न कळलेले बाइट) शून्य, टायमर कोणताच नाही. राउटर इन्व्हर्टरवर नाही. लाइन गेली की तो बंद पडतो, परत सुरू होताना जुन्या जोडण्यांचा नॅट तक्ता (कोणती जोडणी घरातल्या कोणत्या यंत्राची, ही यादी) विसरलेला असतो. पाय मात्र सुरूच राहतो आणि जोडणी जिवंत आहे असंच धरून चालतो. पाठवलेलं काही बाकी असतं तर टीसीपीने पुन्हापुन्हा पाठवून साधारण १५ मिनिटांनी हार मानली असती. इथे सगळं पोहोचलेलं होतं, फक्त समोरच्या एमक्यूटीटी सर्व्हरची पोच यायची होती. अशी वाट अनंत काळ चालते. किपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का हे तपासणं) आपण होऊन लागत नाही, आणि लावला तरी लिनक्सचा मूळ अवधी ७२०० सेकंद.

जीडीबी हा डीबगर शेवटी, तोही फक्त ओळ क्रमांकासाठी. तो जोडला की सगळे थ्रेड थांबतात, आणि चिन्हं (फंक्शनांची नावं वगैरे) वाचून होईपर्यंत थांबूनच राहतात, म्हणून ती नेटवरून आणणारं डीबगइन्फोडी बंद ठेवा. ‘प्रिंट’मध्ये फंक्शनचं नाव कंसासकट लिहिलं तर ते फंक्शन त्याच प्रोसेसमध्ये खरोखर चालतं! ते टाळायला ‘सेट मे-कॉल-फंक्शन्स ऑफ’, सोबत ‘मे-राइट-मेमरी’ आणि ‘मे-राइट-रजिस्टर्स’ही ऑफ. हे सगळं जीडीबीच्या ‘आयईएक्स’ पर्यायाने द्या, ‘ईएक्स’ने नको. ‘ईएक्स’ जोडल्यानंतर चालतो, आणि रजिस्टर्सची परवानगी तेव्हा बदलता येत नाही. ब्रेकपॉइंटही नको, तो कोडच्या जागी दुसरी सूचना लिहितो. बॅचमध्ये ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ (प्रत्येक थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते दाखवणारी आज्ञा) चालवलं की जीडीबी काम संपवून स्वतःच सुटा होतो.

आधीच्या फेरीतली एक रिकामी ओळ आता समजते. तेव्हा प्रोसेस नीट चालू असताना एस्ट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारं साधन) जोडला होता. १२ बिटांवर डीएस१८बी२० ला मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ ड्रायव्हर झोपलेला असतो. एस्ट्रेस जोडताना ती झोप मोडते, रीड ‘ईइंटर’ (काम मधेच तुटलं) ही चूक देऊन परततो, आणि आपला प्रोग्रॅम पुन्हा न वाचता रिकामी ओळ लिहितो. बिघाड बघणाऱ्या साधनानेच केला होता. म्हणून यापुढे लॉगमध्ये एस्ट्रेस किंवा जीडीबी जोडल्याची वेळ लिहायचीच. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर आधी प्रॉकमधल्या स्टेटस फाइलमधला ट्रेसरपिड बघा. शून्य नसेल तर दुसरा कुणी आधीच जोडलेला आहे. एका वेळी एकालाच जागा असते. शून्य असेल तर यामा या लिनक्सच्या सुरक्षा-भागाचा पीट्रेस_स्कोप बघा. तो ३ करू नका, रीबूटशिवाय मागे घेता येत नाही.

पुढच्या फेरीचं काम: कुलूप धरून फक्त आकड्याची प्रत घ्यायची, कुलूप सोडायचं, मगच पाठवायचं. सॉकेटला ३० सेकंदांचा रिसीव्ह टाइमआउट. रीडला ईइंटर आला तर पुन्हा प्रयत्न. नवी बायनरी डॅश जी (डीबग माहिती) लावूनच बांधायची आणि तिची न छाटलेली प्रत जपून ठेवायची, नाहीतर बीटीमध्ये नुसते पत्ते दिसतात. तपासणी मुद्दाम राउटरचा प्लग काढून, पोचेची वाट चालू असतानाच.