रामरक्षेतलं कवच: डोक्यापासून पायापर्यंत

गावाकडे दिवेलागणीला देवाजवळ दिवा लागला की अजूनही कितीतरी घरांतून रामरक्षा ऐकू येते. पोरांना ती तोंडपाठ असते, अर्थ मात्र क्वचितच कुणी सांगितलेला असतो. आणि अर्थ कळला नाही की ओळी हमखास खालीवर होतात.

बुधकौशिक ऋषींच्या या स्तोत्रात ३८ श्लोक आहेत. त्यातलं कवच, म्हणजे एकेका अवयवाचं रक्षण मागणारा भाग, चौथ्या श्लोकाच्या दुसऱ्या ओळीपासून नवव्या श्लोकापर्यंत, म्हणजे फक्त साडेपाच श्लोकांचं. माझ्या मते पोरांना आधी तेवढंच शिकवावं.

कवचात पुन्हा पुन्हा येणारं ‘पातु’ म्हणजे रक्षण करो. एकेका अवयवाला रामाचं एकेक नाव दिलं आहे आणि ही नावं ढोबळमानाने रामायणाच्या क्रमानेच येतात. डोक्याला राघव, म्हणजे कुळ. कपाळाला दशरथाचा मुलगा, डोळ्यांना कौसल्येचा. कानांना विश्वामित्रप्रिय, नाकाला मखत्राता, म्हणजे यज्ञ राखणारा. ज्या दंडांनी शिवधनुष्य मोडलं त्यांना भग्नेशकार्मुक, ज्या हातांनी पाणिग्रहण केलं त्यांना सीतापती. मग परशुरामाला जिंकणारा हृदयाशी, खर राक्षसाला मारणारा पोटाशी. गुडघ्यांना सेतू बांधणारा, नडग्यांना रावणाचा अंत करणारा. शेवटी पावलांना बिभीषणाला वैभव देणारा. तो शरण आला तो पायांशीच. गोष्ट माहीत असलेलं पोर पुढची ओळ स्वतःच काढतं. क्रम मोडतो तो मुख्यतः दोन जागी: गळ्याशी भरत मधेच येतो आणि बेंबीशी जांबवंत सुग्रीवाच्या आधी येतो. तेवढ्या ओळी वेगळ्या घोटून घ्याव्यात.

शिकवताना त्या त्या अवयवाला हात लावायला सांगा. इथे एक चूक नेहमी होते. ‘जङ्घे’ म्हटलं की पोरं जांघेला हात लावतात. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय. मांड्यांसाठी ‘ऊरू’ आधीच येऊन गेलेलं असतं.

कवचाचा छंद अनुष्टुभ, दर चरणाला आठ अक्षरं. थांबायचं ते आठव्या अक्षरावर: शिरो मे राघवः पातु, इथे श्वास; भालं दशरथात्मजः, इथे पुन्हा. घाईत ‘भग्ने शकार्मुकः’ असं तोडलं जातं. तो शब्द भग्न, ईश आणि कार्मुक मिळून झाला आहे, म्हणून सलगच म्हणावा. ‘मखत्राता’चं ‘मुखत्राता’ झालं की यज्ञच नाहीसा होतो. लगेच पुढे ‘मुखं’ येतं, त्यामुळे जीभ तिकडे ओढली जाते. ‘जामदग्न्यजित्’ मधला य गिळू नये; जमदग्नीचा मुलगा म्हणून परशुराम जामदग्न्य.

आपल्या वऱ्हाडीत ण चा सहज न होतो, पाणीचं पानी. बोलण्यात ते गोडच आहे, त्यावरून पोरांना टोकू नये. पण ‘घ्राणं’ आणि ‘बिभीषण’ म्हणताना जीभ टाळूकडे वळवायला शिकवावं. चार दिवस सावकाश म्हणवून घेतलं की जमतं.

शेवटचा चरण ‘पातु रामोऽखिलं वपुः’, म्हणजे राम माझं सगळं शरीर राखो. कुठला अवयव राहून गेला असेल तर तोही यात आला. इथे ‘रामो अखिलं’ असं फोडून म्हटलं की नऊ अक्षरं होतात आणि चाल अडखळते. ‘रामोखिलं’ असं जोडूनच म्हणावं.