युकातानच्या गुहेतलं डायव्हिंग, आणि विहिरीतल्या पोहण्याची जिरलेली मिजास

मेक्सिकोला गेलं की लोक पिरॅमिड बघतात, बीचवर लोळतात. मी दादाला आधीच सांगून ठेवलेलं, मला सेनोतेत, म्हणजे तिथल्या पाण्यानं भरलेल्या गुहेच्या तोंडात, डाइव्ह मारायचाय, बाकीचं तू आणि वहिनी काय ते ठरवा. दादा म्हणजे चुलतभाऊ, ह्यूस्टनला असतो, त्याच्याकडं गेलेले तेव्हाची ही गोष्ट. (अमेरिकेचा चालू व्हिसा असला की आपल्याला मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.)

युकातान द्वीपकल्पावरच्या कानकुनला उतरून टुलुम गावाच्या दिशेनं निघालो. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूला बुटकं दाट जंगल, आणि एवढ्या प्रवासात नदी म्हणून कुठं लागली नाही. आपण पावसाळाभर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसणारी माणसं, 39 फुटाला इशारा, 43 फुटाला धोका, आणि इथं पाऊस धो धो पडतो पण जमिनीवर ओढा सुद्धा नाही. कारण खालचा सगळा दगड चुनखडी. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्लधर्मी होतं आणि मुरता मुरता दगड विरघळवत जातं, अशा हजारो वर्षांत खाली गुहांचं जाळंच्या जाळं झालंय. नद्या आहेत, पण त्या जमिनीखाली. कुठं कुठं गुहेचं छत कोसळलं आणि वरून भोक पडलं, तो सेनोते. आपल्याकडं असलं काही का नाही असं गल्लीत परत आल्यावर मला चार जणांनी विचारलं. तर आपला पत्थर काळा, लाव्हाचा, तो चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून आपल्याला विहिरी सुरुंग लावून पाडाव्या लागतात आणि त्यांना आपोआप मिळतात!

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "विहिरीत उतरायला एवढ्या लांब जायचं व्हय गं? मामाच्या मळ्यात काय पाणी कमी हाय?" आता तिला काय सांगणार. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातही थोडं तेच होतं. पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेली मी, काठावरून मुटका मारणारी, वर तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स झालेला, मालवणच्या समुद्रात बऱ्यापैकी डाइव्ह झालेले. पाण्याची भीती कशाला वाटेल?

आम्ही निवडलेला सेनोते दोस ओहोस, म्हणजे 'दोन डोळे', शेजारी शेजारी दोन तोंडं आहेत म्हणून. झाडाखाली लाकडी टेबलं मांडलेली, त्यावर टाक्या ठेवून गियर जोडायचं, पाच मिलिमीटरचा वेटसूट त्या दमट उकाड्यात अंगात घालायचा म्हणजे निम्मा जीव तिथंच जातो. सनस्क्रीन लावायला बंदी, आधी शॉवर घ्यायचा, कारण ते पाणी म्हणजे तिथला जमिनीखालचा पिण्याचा साठाच. गाईडनं माझ्या वजनाच्या बेल्टमधलं दोन किलो शिसं काढून ठेवलं. गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगतं, तेवढं वजन लागतच नाही.

मग ब्रीफिंग, आणि ते चांगलं लांबलचक झालं. हे केव्ह डायव्हिंग नाही, कॅव्हर्न डायव्हिंग. म्हणजे कुठूनही बाहेरचा उजेड दिसलाच पाहिजे, उघड्या पाण्यापासून साधारण 60 मीटरच्या पलीकडं जायचं नाही, आणि एका गाईडमागं जास्तीत जास्त चार जण. टाकीतल्या हवेचे तीन भाग धरायचे, एक आत जायला, एक परतायला, एक अडीअडचणीला, म्हणजे 200 बारची (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टाकी असेल तर काटा 130 च्या आसपास आला की सगळी वरात माघारी, कुणाचंही पहिलं आलं तरी. टॉर्चनं गोल फिरवला की ओके, जोरजोरात आडवा हलवला की काहीतरी गडबड. आणि आतमध्ये एक दोरी कायमची बांधलेली असते ती नजरेआड करायची नाही. समुद्रात काही झालं तर हळूहळू वर यायचं असतं, इथं वर दगड आहे. एवढं एक वाक्य ऐकल्यावर मळ्यातली विहीर डोक्यातून पार गेली माझ्या.

पाण्यात शिरलो. तापमान 25 डिग्रीच्या आसपास, आणि पाणी इतकं स्वच्छ की पुढं चाललेला दादा हवेत लटकलाय असंच वाटावं. मालवणला दहा मीटरवरचं दिसलं तरी आपण खूश होतो, इथं किती लांबचं दिसतंय याचा अंदाजच लागेना. छतापासून लवणस्तंभ लोंबकळतात, काही मनगटाएवढे, काही कमरेएवढे जाड, आणि काही अगदी बारीक पोकळ नळ्या. हे पाण्याखाली तयार झालेलेच नाहीत. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरपेक्षाही खाली होती, गुहा कोरड्या होत्या, तेव्हा थेंब थेंब ठिबकून हे झालं, नंतर समुद्र चढला आणि गुहा भरल्या. त्यामुळं इथं तुटलेली नळी परत कधीच वाढणार नाही.

आणि इथंच माझ्या पोहण्याची सगळी मिजास उतरली. विहिरीत शिकलेल्या माणसाचे हात आपोआप चालतात, पाय धपाधप मारायची सवय. इथं हात पोटाशी गप्प धरायचे, पाय बेडकाच्या चालीनं, मागं आणि तेही सावकाश. एक फटका खाली बसला की तळाचा गाळ उठतो आणि मागच्याला ना दोरी दिसते ना उजेड. खोली म्हणाल तर दहा मीटरसुद्धा नाही, पण वर-खाली व्हायचं ते फक्त श्वासावर, खोल घेतला की अंगठाभर वर, सोडला की खाली. सुरुवातीची पाच मिनिटं मी नुसती पायांशी भांडत होते, गुहा बघितलीच नाही. नंतर जमलं. बाटलीबंद हवा सुद्धा कमी लागायला लागली.

या वाटेला बार्बी लाइन म्हणतात, कारण पुढं एका ठिकाणी कुणीतरी खेळण्यातली मगर आणि तिच्या तोंडात बार्बी ठेवलीय. मला काही ते आवडलं नाही, पण वहिनीला फोटो बघून फार हसू आलं. त्याहून लक्षात राहिली ती पाटी, जिथं कॅव्हर्नची हद्द संपते तिथं यमदूताचं चित्र आणि याच्यापुढं जाऊ नका असा मजकूर. पाटीमागं नुसता काळोख. त्या काळोखात पुढं किती आहे तर 2018 मध्ये दोस ओहोस आणि साक आक्तुन या दोन गुहा जोडलेल्या आहेत हे सापडलं तेव्हा एकूण लांबी 347 किलोमीटर भरली. याच जाळ्यात ओयो नेग्रो नावाच्या खड्ड्यात 2007 साली डायव्हर्सना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीचा. गुहा कोरडी असताना अंधारात चालत आली असणार आणि पडली. तिथं अर्थात पर्यटकांना नेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चाक मूल नावाच्या दुसऱ्या सेनोतेला गेलो, हॅलोक्लाइनसाठी. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं, दोन्ही एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत, आणि दहा-बारा मीटरवर त्यांच्या सांध्यातून पोहताना सरबतात साखर ढवळल्यावर ग्लासात दिसतात तशा लाटा डोळ्यांसमोर. समोरचा माणूस विरघळल्यागत दिसतो, मीटरभर खाली गेलं की परत लख्ख. खालचं पाणी थोडं कोमटही लागतं. इथं मात्र शक्यतो पुढं राहा, मागं राहिलात तर पुढच्यांच्या पायांनी ढवळलेलंच बघत बसावं लागतं.

जायचं असेल तर आधी मालवणला नीट हात बसवून जा, ते बोटीवरून खाली नेऊन फोटो काढून आणतात त्याला धरू नका, सर्टिफिकेट लागतंच. आणि एका गाईडमागं पाच-सहा जण लावून देतो, स्वस्तात पडेल, असं कुणी म्हणालं तर हसून नमस्कार करा आणि दुसरं दुकान बघा.